'वॉक' म्हणजे नुसतं 'चालणं' का? अर्थ, छटा आणि मराठी प्रतिशब्द

पायवाट

एका इंग्रजी कथेचा अनुवाद करते आहे आणि एकाच परिच्छेदावर आठवडाभर अडले आहे, म्हणून हा धागा.

प्रसंग असा: अपघातानंतर वडील रुग्णालयात आहेत. पाय वाचलाय, पण ते पुन्हा उभे राहतील की नाही हे कुणी सांगत नाही. मुलगा बाहेर वाट बघतोय. त्याच्या त्या एका दुपारीसाठी लेखकाने पाच क्रियापदं वापरली आहेत: पेस, वॉक आउट, वाँडर, ट्रज आणि टिपटो. आणि परिच्छेदाच्या शेवटी वडिलांसाठी फक्त दोन शब्दांचं वाक्य आहे, 'ही वॉक्ड.'

माझा पहिला खर्डा असा होता:

"तो व्हरांड्यात इकडून तिकडे चालत होता. मग तो चालत बाहेर गेला. बागेत तो इकडेतिकडे चालला. कष्टाने चालत त्याने जिना चढला. हळूच चालत तो खोलीत आला. बाबा चालले."

मोठ्याने वाचला आणि लगेच कळलं की हे मेलेलं मराठी आहे. शब्दकोश उघडला तर ट्रजसमोर 'कष्टाने चालणे', अँबलसमोर 'सावकाश चालणे', स्ट्राइडसमोर 'लांब पावले टाकत चालणे'. म्हणजे प्रत्येक ठिकाणी व्याख्या मिळते, शब्द मिळत नाही. तुम्ही मंडळी बोलताना, लिहिताना काय वापरता? आणि नुसत्या 'वॉक'चेच किती अर्थ आहेत ते एकदा नीट मांडता येतील का?


शब्दसखी

छान विषय. मला बोलीतले जेवढे आठवतात तेवढे लिहिते, भर घाला.

पेस हा सगळ्यात सोपा. त्याला आपला घडवलेलाच शब्द आहे, येरझाऱ्या घालणे. त्यात अस्वस्थपणाही आपोआप येतो. स्ट्रोल म्हणजे फेरफटका मारणे किंवा पाय मोकळे करणे. 'पाय मोकळे करून येतो' यात हेतू नाही, घाई नाही, अंतर नाही. स्ट्रोलमध्येही नेमकं तेच आहे. सॉन्टर म्हणजे रमतगमत जाणे. लॉइटर म्हणजे रेंगाळणे, आणि मनात काही किल्मिष किंवा संकोच असेल तर घुटमळणे. ट्रजला पाय ओढत जाणे. लिंपला लंगडणे, हॉबलला खुरडणे, स्टॅगरला झोकांड्या खाणे किंवा झिंगल्यासारखं भेलकांडणे. टॉडल म्हणजे दुडुदुडु चालणे, आणि त्यावरूनच इंग्रजीत त्या वयाच्या मुलाला टॉडलर म्हणतात. स्ट्रट म्हणजे तोऱ्यात, छाती काढून चालणे.

टिपटोला दोन शब्द लागतात, हे लक्षात ठेवा. शरीराची क्रिया सांगायची असेल तर चवड्यांवर चालणे. आवाज होऊ नये ही धडपड सांगायची असेल तर चोरपावलांनी. तुमच्या मुलाला दुसरा लागेल असं वाटतं.


निळासावळा

यादी चांगली आहे, पण यातूनच माझा मुद्दा सिद्ध होतो. इंग्रजीत स्ट्रोल, सॉन्टर, अँबल, स्ट्राइड, प्लॉड, ट्रज, शफल, वॉडल, टॉडल, लोप, सायडल, प्राउल अशी चालण्याची क्रियापदंच डझनांनी आहेत. आपल्याकडे चालणे, फिरणे, हिंडणे, भटकणे, रेंगाळणे, लंगडणे, खुरडणे, आणि मग विशेषणं जोडत बसायचं. या बाबतीत मराठी तोकडी आहे हे मान्य करायला काय हरकत आहे? मला मराठीचं वाईट वाटतं म्हणूनच म्हणतोय.


अनवट

निळासावळा, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. जरा सविस्तर लिहितो, कारण पायवाट यांची अडचण नेमकी इथेच आहे.

कुठल्याही हालचालीच्या वाक्यात दोन गोष्टी सांगायच्या असतात: गेला कुठे, आणि गेला कसा. भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टॅल्मी यांनी १९८५ मध्ये दाखवलं की भाषा या दोन गोष्टी वाक्यात वेगवेगळ्या जागी ठेवतात. इंग्रजी 'कसा' हे क्रियापदात कोंबते आणि 'कुठे' हे आउट, इन, अप, अक्रॉस अशा छोट्या शब्दांवर सोपवते. म्हणून तिला 'कसा' सांगणाऱ्या क्रियापदांचा मोठा साठा लागतो. स्पॅनिशसारखी भाषा उलट करते. तिचं क्रियापद सांगतं की माणूस आत शिरला, बाहेर पडला, वर चढला, आणि कसा ते हवं तर नंतर जोडायचं.

आता मराठी बघा. शिरणे, निघणे, चढणे, उतरणे, ओलांडणे, पोचणे, परतणे, वळणे. 'कुठे' ही बाजू आपल्या क्रियापदांत ठासून भरलेली आहे. 'वॉक्ड आउट'मधलं आउट आपल्याकडे 'निघून' किंवा 'बाहेर पडला' यात आहे. मग 'कसा' कुठे गेलं? ते नादशब्दांत गेलं. झपझप, लगालगा, तुरुतुरु, दुडुदुडु, भराभर, तडक, ठुमकत, डुलत, रखडत, फरफटत, अडखळत. मुंगीच्या पावलांनी, कासवगतीने, टांगा टाकत, ढांगा टाकत. हे सगळे चालण्याचेच शब्द आहेत. फक्त ते क्रियापदाच्या रकान्यात नाहीत, म्हणून क्रियापदं मोजणाऱ्याला दिसत नाहीत.

झपझप आणि लगालगा यांतला फरक बघा. झपझप चालणाऱ्याची पावलं लांब पडतात, लगालगा चालणाऱ्याची लहान आणि जवळजवळ. तुरुतुरु त्याहून लहान, आणि चालणारा बहुधा हलका, छोटा. स्ट्राइडसमोर झपझप ठेवता येईल, पण लगालगाला इंग्रजीत एका शब्दात पकडून दाखवा.

पायवाट, म्हणून तुमच्या खर्ड्यातला दोष शब्द न सापडण्याचा नाही. प्रत्येक वॉकसाठी 'चालणे' ठेवायलाच हवं असं तुम्ही धरून चाललात, तिथे वाक्य बिघडलं. 'कष्टाने चालत जिना चढला' यातलं 'चालत' काढून टाका. जिना चढतो म्हणजे माणूस पायांनीच चढतो.


निळासावळा

हा विचार मी केला नव्हता. तोकडी हा शब्द मागे घेतो. लगालगाला इंग्रजी शब्द तासभर शोधला, स्करीपर्यंत पोचलो, पण स्करीत पळ आहे, चालणं नाही.


कोशवेडा

वॉकच्या पोटात काय दडलंय ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हा शब्द मुळात पायांचा नाहीच. जुन्या इंग्रजीत वेआल्कन म्हणजे गरगरणे, उसळणे, हेलकावणे. समुद्राच्या लाटांसाठी तो वापरला जाई. पायांनी जाण्यासाठी तेव्हा गान, गांगन ही क्रियापदं होती. त्यातलं पहिलं आजचं गो, आणि दुसऱ्याच्या घराण्यातले गँग आणि गँगवे आपण आजही वापरतो. वॉकला चालण्याचा अर्थ पुढे मध्ययुगीन इंग्रजीत स्थिरावला.

याच शब्दाची दुसरी फांदी कापडाकडे गेली. विणलेलं लोकरी कापड ओलं करून पायांखाली तुडवत, ते आटून घट्ट होईपर्यंत लाटायचं, या कामालाही वॉक म्हणत. ते करणारा तो वॉकर. इंग्रजांमध्ये वॉकर, फुलर आणि टकर ही तीन आडनावं वेगळी दिसतात, पण तिन्ही याच धंद्याची. वॉकर आडनावाचा पूर्वज फिरस्ता नव्हता, तो एका जागी उभा राहून कापड तुडवत होता! जर्मनमध्ये वाल्कन म्हणजे आजही तुडवणे, मळणेच.

आणि आपलं चालणे? संस्कृत चल् म्हणजे आधी हलणे, डळमळणे. चंचल, चलबिचल, आणि जो हलत नाही तो अचल म्हणजे पर्वत. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी दोघांचा प्रवास हलण्यापासून चालण्यापर्यंत झाला. मला हे फार सुंदर वाटतं.

नात्यातले शब्द हवे असतील तर ते दुसरीकडे आहेत. आपला पाय, संस्कृत पद, लॅटिनमधला पेद आणि इंग्रजी फूट हे सगळे एका कुळातले. पेडेस्ट्रियन त्यातूनच आला. बुद्धिबळातलं प्यादं फारसीतून आलं, पायी चालणारा शिपाई. इंग्रजी पॉन लॅटिनमधून आलं, तोही पायी चालणारा शिपाईच. पटाच्या दोन्ही बाजूंना तेच पाय.


रानफूल

सॉन्टरबद्दल एक भर. मध्ययुगात पवित्र भूमीकडे, म्हणजे फ्रेंचमध्ये 'सँत तेर'कडे, निघालेले यात्रेकरू वाटेत रेंगाळत, त्यांच्यावरून सॉन्टर आलं, असं वाचलं आहे. किती छान व्युत्पत्ती!


कोशवेडा

रानफूल, ती व्युत्पत्ती अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरोने १८६२ मध्ये छापून आलेल्या चालण्यावरच्या निबंधात सांगितल्यामुळे खूप पसरली. गोष्ट म्हणून ती सुंदर आहे, पण कोशकार ती मानत नाहीत. सॉन्टरचं मूळ अनिश्चित आहे असंच कोशात लिहिलेलं असतं. ट्रजचंही तसंच.

पक्क्या मुळाचा शब्द हवा असेल तर ट्रेक घ्या. डच भाषेत ट्रेक म्हणजे ओढणे. दक्षिण आफ्रिकेत बैलगाड्या ओढत लांबच्या मुलखात जाणाऱ्यांकडून तो इंग्रजीत आला. मिअँडर, म्हणजे वळणं घेत भटकणे, हे आजच्या तुर्कस्तानातल्या एका वळणावळणाच्या नदीचं नाव, आपल्या नागमोडीसारखं. आणि अँबल लॅटिन आंबुलारेपासून, म्हणजे चालणे. अँब्युलन्सही तिथूनच: फ्रेंचांचं सैन्याबरोबर हलणारं रुग्णालय, म्हणजे 'चालतं रुग्णालय'. पायवाट, तुमच्या कथेतल्या वडिलांना जिने आणलं असेल तिच्या नावातच चालणं आहे.


पायवाट

अंगावर काटा आला हे वाचून. कथेत अँब्युलन्स आहे.

अनवट, 'चालत काढून टाका' हा सल्ला लगेच लागू केला. बाकीच्यांना विचारते, नुसत्या वॉकचे पायांपलीकडचे अर्थ कसे उतरवता?


उंबरठा

मी तांत्रिक आणि बातम्यांचा अनुवाद करतो, तिथून सांगतो.

वॉक सकर्मक झालं की चालणे चालत नाही, हा पहिला नियम. कुत्र्याला वॉक करणं म्हणजे फिरवून आणणे. सायकल वॉक करणं म्हणजे सायकल हातात धरून नेणे. कुणाला घरापर्यंत वॉक करणं म्हणजे सोबत करणे, पोचवायला जाणे. एखाद्याला एखादी प्रक्रिया 'वॉक थ्रू' करणं म्हणजे टप्प्याटप्प्याने समजावणे. आपल्याकडे चालवणे म्हटलं की गाडी, दुकान, घर, खटला आठवतो, कुत्रा नाही. अपवाद एकच, लहान मुलाला बोट धरून चालवणे.

सभागृहातलं वॉकआउट म्हणजे सभात्याग. वॉकओव्हर घोड्यांच्या शर्यतीतून आलं: प्रतिस्पर्धीच नसेल तर एकट्या घोड्याने नुसतं चालत अंतर कापलं तरी जिंकला. मराठीत पुढे चाल म्हणतात, आणि तो शब्द वॉकओव्हरच्या मुळाशी किती जुळतो बघा. क्रिकेटमध्ये 'बॅट्समन वॉक्ड' म्हणजे पंचांच्या निर्णयाची वाट न बघता स्वतःहून परतला. तिथे 'चालला' लिहिलंत तर अर्थच गेला. न्यायालयाच्या बातमीत 'ही वॉक्ड' म्हणजे तो सुटला.

स्पेसवॉकला अंतराळपदभ्रमण म्हणतात खरं, पण त्यात चालणं मुळीच नसतं. सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह १८ मार्च १९६५ रोजी पहिल्यांदा यानाबाहेर आले तेव्हा ते दोरीला बांधलेले, साधारण १२ मिनिटं तरंगत होते. मी तिथे यानाबाहेर पडणे असंच लिहितो. संख्याशास्त्रात रँडम वॉक आहे, १९०५ मध्ये कार्ल पिअर्सन यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातल्या एका पत्रात तो शब्दप्रयोग केला. प्रत्येक पाऊल कुठल्याही दिशेला पडू शकतं, मग इतक्या पावलांनंतर माणूस कुठे सापडेल, असा प्रश्न. त्याला यादृच्छिक चाल म्हणतात आणि तो शब्द मला चपखल वाटतो.

म्हणींपैकी 'वॉक द टॉक'ला बोले तैसा चाले. यापेक्षा जवळचं भाषांतर दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं वाटत नाही. 'टेक अ वॉक' रागाने म्हटलं असेल तर चालता हो. 'वॉक ऑल ओव्हर समवन'ला पायदळी तुडवणे. 'वॉक्स ऑफ लाइफ'ला मात्र चालीच्या, वाटेच्या नादी लागू नका, समाजाच्या सर्व थरांतील असं सरळ लिहा.


लयवेल्हाळ

चाल हा शब्द आला म्हणून राहवलं नाही. आपल्याकडे गाण्यालाही चाल असते. इंग्रजीत गाण्याचं वॉक नसतं, पण पाश्चात्त्य संगीतात आंदान्ते नावाची लय आहे. इटालियनमध्ये आंदारे म्हणजे जाणे, आणि आंदान्ते म्हणजे चालत्या पावलांची लय.

आणखी एक. फ्रेंच लोक एखादी गोष्ट मान्य असली की 'सा मार्श' म्हणतात. शब्दशः, हे चालतं. आपलं 'चालेल' अगदी हेच. इंग्रजी माणसाला मात्र चालेल समजावताना घाम फुटतो, कारण त्याची यंत्रं धावतात किंवा काम करतात, चालत नाहीत. आपल्याकडे घड्याळ चालतं, दुकान चालतं, नाणं चालतं म्हणून ते चलन, आणि घरात एखाद्याचं काही चालत नाही तेव्हा त्याला मत नसतं.


शब्दसखी

चालायचंच! हा एक शब्द इंग्रजीत कसा न्यायचा हे कुणीतरी सांगा.


रानफूल

शतपावलीही घ्या की यादीत. शंभर पावलं म्हणजे मोजका, ठरावीक फेरा. जपानमध्ये १९६५ मध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आज सगळे जे दहा हजार पावलांचं लक्ष्य ठेवतात त्याची सुरुवात त्या नावात आहे. आमच्या भाषेने शंभरावर थांबून चालण्याला किती निवांत ठेवलं होतं!


अनवट

पायवाट, एक गोष्ट कालपासून सलते आहे, ती आता सांगतो. तुमचं शेवटचं वाक्य, 'बाबा चालले.' ते कृपा करून ठेवू नका.

मराठीत नुसतं 'मी चाललो' म्हणजे मी निघालो. 'मी आज पाच किलोमीटर चाललो' यात अंतर आहे म्हणून चालणं उरतं. अंतर काढलं की जाणं उरतं. आणि रुग्णालयातल्या खाटेवरच्या माणसाबद्दल 'बाबा चालले' लिहिलंत, तर वाचक एकच अर्थ घेईल. लेखकाला जे सांगायचंय त्याच्या नेमकं उलट.

'बाबा चालू लागले' हा पर्याय आहे, पण त्यात सवय सुरू झाल्याचा भाव येतो. तिथे एकच क्षण हवा आहे.


पायवाट

मी हे वाक्य दहा वेळा वाचलं आणि एकदाही हे दिसलं नाही. इंग्रजी वाक्य डोळ्यांसमोर असताना मराठी ऐकूच येत नाही, असं काहीसं झालं असावं. तुमचे उपकार मानते.


टाकऊभार

इथे प्रथमच लिहिते आहे. माझं कामच माणसांना पुन्हा चालायला शिकवण्याचं आहे, म्हणून शेवटच्या वाक्यावर बोलते.

चालणं म्हणजे पडता पडता सावरणं. एक पाय जमिनीवर असतो तेव्हा शरीर त्यावरून उलट्या लंबकासारखं पुढे झुकतं, आणि दुसरा पाय वेळेवर पुढे येऊन ते झेलतो. चालताना एक तरी पाय कायम जमिनीवर असतो. दोन्ही सुटले की ते धावणं. चालण्याच्या शर्यतीतले पंच तेच बघत असतात, शिवाय पुढचा पाय टेकल्यापासून गुडघा सरळ आहे ना तेही. प्रत्येक पाय साधारण साठ टक्के वेळ जमिनीवर आणि चाळीस टक्के हवेत असतो, म्हणजे मध्ये थोडा काळ दोन्ही टेकलेले असतात. अपघातानंतर माणूस तो दोन्ही पाय टेकलेला काळ खूप लांबवतो. एक पाय उचलून सगळा भार दुसऱ्यावर सोडायची भीती असते ना.

त्यामुळे वॉर्डात कुणी पहिल्यांदा 'चालतो' तेव्हा आम्ही चालला म्हणतच नाही. नातेवाइकांना फोनवर सांगताना सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं, "आज पाऊल टाकलं." किती टाकली ते नंतर. आधी पाऊल टाकलं.

तुमच्या कथेतल्या मुलाला दारातून हेच दिसलं असणार.


शब्दसखी

+१. याच्यापुढे मला काही सुचत नाही.


निळासावळा

पायवाट, नवा खर्डा टाका ना इथे.


पायवाट

टाकते. वाँडरला हिंडणे आणि भटकणे यांत अडकले होते. हिंडण्यात थोडी मौज आहे, भटकण्यात दिशाहीनता, म्हणून भटकणे घेतलं. शफलही पुढच्या पानावर आहे, त्याला पाय घासत ठेवलं, म्हणजे ट्रजचं पाय ओढत वेगळं राहतं.

"तो व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता. मग एकाएकी निघून गेला. बागेत उगाच भटकला, पाय ओढत पुन्हा जिना चढला आणि चोरपावलांनी खोलीत शिरला. बाबांनी पाऊल टाकलं."

आत्ता मोजलं. पूर्ण परिच्छेदात 'चालणे' एकदाही आलेलं नाही.


अनवट

'उगाच' काढून बघा. भटकण्यात तो आधीच आहे.


पायवाट

काढला.